रिकामा खोका दूर जात नाही

घरात ऑनलाइन मागवलेल्या सामानाचा एखादा खोका पडलेला असतोच. त्याचा वीतभर तुकडा कापा आणि तासभर कोमट पाण्यात ठेवा. पाणी मुरलं की पुठ्ठा आपण होऊन तीन कागदांत सुटतो. वरचा आणि खालचा सपाट, मधला लाटांचा. मधला कागद अलगद सरळ करून पट्टीने मोजा. सपाट कागद १० सेंटिमीटर असेल तर हा भरतो १३-१४ सेंटिमीटर. एवढा जास्तीचा कागद त्या चिंचोळ्या फटीत घड्या घालून मुकाट बसलेला असतो.

आता दुसरा, कोरडा तुकडा घ्या. वरचा कागद सोलून काढा आणि आतल्या बाजूवर पातळ केलेलं टिंक्चर आयोडीन पुसा. तपकिरी कागदावर गडद निळ्या-काळ्या रेघा उमटतात, वहीच्या ओळींसारख्या, ठरावीक अंतरावर. लाटेचा माथा जिथे जिथे सपाट कागदाला चिकटला होता, तिथे तिथे एक रेघ. आयोडीनने निळा होतो तो स्टार्च. म्हणजे टीव्हीपासून द्राक्षांपर्यंत सगळं जग पेलणारा हा खोका मक्याच्या पिठाच्या खळीवर उभा आहे. मी पहिल्यांदा हे करून पाहिलं तेव्हा त्या रेघांकडे कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

कागद ओढायला चांगला असतो. एक पट्टी दोन्ही हातांनी ताणा, ती सहज तुटत नाही. पण तीच पट्टी उभी धरून वरून बोट दाबा, लगेच वाकते. कागदाचा दुबळेपणा वाकण्यात आहे. त्यावरचा उपाय म्हणजे दोन कागद एकमेकांपासून थोडे लांब धरून ठेवायचे. रेल्वेचा रूळ वर-खाली रुंद आणि मध्ये बारीक असतो, तेच तत्त्व इथे आहे. मधल्या लाटा त्या दोन कागदांना ना जवळ येऊ देत, ना एकमेकांवरून सरकू देत. कोकणातल्या पडवीवरचा पन्हळी पत्रा सपाट पत्र्यापेक्षा कितीतरी ताठ राहतो, तो घडीच्या जोरावर. पुठ्ठ्यात ती घडी दोन्ही बाजूंनी बंद केली आहे. आणि नेहमीचा खोका उभा ठेवला की त्याच्या भिंतीतल्या लाटा वरून खाली जाताना दिसतात, शेजारी शेजारी रोवलेल्या खांबांसारख्या.

या लाटांची सुरुवात मालवाहतुकीत झालेली नाही. १८५६ साली इंग्लंडमध्ये हीली आणि ॲलन या दोघांनी घड्यांच्या कागदाचं पेटंट घेतलं ते पुरुषांच्या उंच टोप्यांसाठी. टोपीच्या आत कपाळाला टेकणारा भाग ऊबदार आणि मऊ राहावा, एवढाच हेतू. पंधरा वर्षांनी, १८७१ मध्ये, न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सने तोच लाटांचा कागद बाटल्या आणि कंदिलांच्या काचा गुंडाळायला वापरला. नुसत्या लाटा ताणल्या की सपाट होतात, ही त्यातली अडचण. १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँगने लाटांना सपाट कागदाचं अस्तर चिकटवलं आणि पन्हळी पुठ्ठा आजच्या रूपात आला. कंदिलाच्या काचेने आपल्याला खोका दिला, असं म्हणायला हरकत नाही.

कागदही बदलत होता. जर्मनीतल्या डान्झिगमध्ये, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्कमध्ये, कार्ल डाल यांनी १८७९ च्या सुमारास लाकूड शिजवण्याची नवी रीत काढली. तिच्यात तंतू लांब आणि मजबूत राहतात. त्या कागदाला नाव पडलं क्राफ्ट. जर्मन भाषेत क्राफ्ट म्हणजे ताकद. आपल्याकडे दुकानदार तपकिरी कागदाला ‘क्राफ्ट पेपर’ म्हणतो, तेव्हा तो नकळत ‘ताकदीचा कागद’ म्हणत असतो.

तरीही बराच काळ खोका लाकडाचाच राहिला. अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या मालाला जास्त भाडं लावत. लॉस एंजेलिसच्या प्रिडहॅम नावाच्या खोका कंपनीने त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९१४ मध्ये आंतरराज्य व्यापार आयोगाने निकाल दिला की पुठ्ठा आणि लाकूड यांत असा भेद करता येणार नाही. एका निकालाने जंगलातल्या फळ्यांचं युग ओसरायला लागलं. अट मात्र राहिली. पुठ्ठा किती दाब सोसतो ते रेल्वेच्या नियमात बसलं पाहिजे आणि तसं खोक्यावर छापलं पाहिजे. अमेरिकेतून आलेला एखादा खोका हाती लागला तर तो उलटा करून तळाची पाकळी बघा. तिथे एक गोल शिक्का असतो, बनवणाऱ्याचं नाव आणि ताकदीचा आकडा असलेला. आज तो खोका विमानाने आला असेल, ट्रकने आला असेल, पण तो शिक्का रेल्वेच्या त्या जुन्या नियमांचा वारस आहे.

पुठ्ठा कसा तयार होतो ते एकदा तरी डोळ्यांनी पाहावं. मी एका एमआयडीसीतल्या छोट्या युनिटमध्ये पाहिला. कागदाचं रीळ माणसाच्या छातीएवढं उंच. तिथून सुटलेला कागद दोन तापलेल्या दातेरी रुळांमध्ये शिरतो. एकाचे दात दुसऱ्याच्या खाचांत बसतात आणि सपाट कागद क्षणात लाटांचा होऊन बाहेर येतो. उष्णता आणि थोडीशी वाफ यांनी कागदाचे तंतू सैल पडतात, घडी घेतात आणि थंड होताना तिथेच घट्ट होतात. इस्त्रीने कपड्याला घडी पडते तसं. लाटा सुटायच्या आत त्यांच्या माथ्यांवर खळीचा पातळ पट्टा लागतो आणि दुसरा कागद येऊन त्यावर बसतो. या दोन कागदांच्या मालाला तिथले लोक ‘टू-प्लाय’ म्हणतात. मोठ्या स्वयंचलित कारखान्यात हाच प्रवास मिनिटाला दोन-तीनशे मीटर वेगाने होतो आणि शेवटी पुठ्ठा कापून, मोजून रचला जातो. छोट्या युनिटमध्ये टू-प्लायचे ताव कापतात, तिसरा कागद हातानेच पेस्टिंग करून चिकटवतात, मग क्रीझिंग, स्लॉटिंग आणि शेवटी पिना मारायचं स्टिचिंग. मशीनमधून आलेला ताव मी हातात घेतला तो ऊनऊन होता, तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखा, आणि वासही शिजलेल्या पिठाचाच.

खळीची गोष्ट तर मला सगळ्यांत विलक्षण वाटते. खळ शिजवून घट्ट केली तर ती कागदावर नीट पसरत नाही. कच्ची ठेवली तर चिकटत नाही. १९३० च्या दशकात स्टाइन-हॉल कंपनीने यातून वाट काढली. थोडा स्टार्च आधी शिजवून दाटसर पाणी करायचं आणि उरलेला कच्चाच त्यात तरंगत ठेवायचा. कच्चे कण लाटेच्या माथ्यावर जाऊन बसतात आणि तापलेल्या रुळाशी गाठ पडताच तिथल्या तिथे शिजतात. कॉस्टिक सोडा घातला की स्टार्च कमी उष्णतेवर फुगतो आणि टाकणखाराने पकड वाढते. म्हणजे डिंक आधी तयार करून आणलेलाच नसतो, तो चिकटण्याच्या क्षणी, चिकटण्याच्या जागी, एका निमिषात रांधला जातो. आयोडीनने दिसलेली प्रत्येक निळी रेघ ही अशी एकेक छोटी चूल आहे.

लाटांच्या आकारांना नावं आहेत ए, बी, सी, ई. ए साधारण ५ मिलिमीटर उंच, बी ३ च्या आसपास, सी ४, ई दीडेक. ए, बी, सी हा क्रम उंचीचा नाही. सी दोघांच्या मागून आली, पण उंचीने दोघांच्या मधली आहे. आपल्याकडचे खोकेवाले सरळ ‘ब्रॉड’ आणि ‘नॅरो’ म्हणतात. नॅरोवर छपाई चांगली उठते, ब्रॉड धक्के चांगले झेलते. तीन प्लाय, पाच प्लाय, सात प्लाय असं कागदांच्या संख्येवरून खोक्याचं वजन आणि भाव ठरतो. त्यासोबत जीएसएम आणि बीएफ हे दोन आकडे त्यांच्या तोंडी सतत असतात. पहिला चौरस मीटरला किती ग्रॅम कागद ते सांगतो, दुसरा आपल्या वजनाच्या मानाने तो कागद फुटण्याआधी किती दाब सोसतो ते.

आणि खोका किती वजन पेलेल, याचं एक सूत्रही आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये कागदावर संशोधन करणाऱ्या संस्थेतल्या मॅकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९६३ मध्ये मांडलं. पुठ्ठ्याच्या कडेची ताकद, त्याची जाडी आणि खोक्याचा घेर, एवढ्या तीन गोष्टींवरून खोक्याची ताकद काढता येते. भिंतींच्या मधल्या भागावर भार कमी येतो. त्याचा मोठा वाटा चार कोपऱ्यांवर येतो. म्हणूनच गोदामात खोक्यावर खोका अगदी कोपऱ्यावर कोपरा ठेवून रचायचा असतो. विटांसारखी सांधे चुकवत रचलेली थप्पी दिसायला पक्की दिसते, पण खालच्या खोक्याच्या मऊ भिंतीवर वरचा कोपरा टेकतो आणि निम्म्याच्या आसपास ताकद वाया जाऊ शकते.

आता परदेशी व्यापाराकडे. जकातीच्या भाषेत कागदी खोके, पिशव्या अशा सगळ्या वेष्टनांचं एक शीर्षक आहे, ४८१९, आणि त्यात पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्यांना स्वतःचं उपशीर्षक. रिकामे खोके या शीर्षकाखाली सीमा ओलांडतातही. पण त्या आकड्यांवरून खोक्याच्या जगभ्रमणाची कल्पना येत नाही. कारण सोपं आहे. रिकामा खोका म्हणजे बहुतांशी हवा. घडी करून पाठवला तरी पुठ्ठ्याच्या पोटात लाटांमधली हवा राहतेच. दूर पाठवला तर मालापेक्षा भाडंच जड होतं. म्हणून खोक्याचा कारखाना गिऱ्हाइकाजवळ असावा लागतो, फार तर काहीशे किलोमीटरवर. ऑटोमोबाइलच्या पट्ट्यात चाकणला, द्राक्षांच्या पट्ट्यात नाशिकला, औषधांच्या पट्ट्यात आणखी कुठे, असे ते आपल्या गिऱ्हाइकाच्या सावलीत उभे राहतात.

मग खोका परदेशी जातो कसा? दोन रूपांत. एक, भरलेला, दुसऱ्याच्या नावाने. जकातीच्या कागदावर ‘द्राक्षे’ लिहिलेलं असतं, ‘औषधे’ लिहिलेलं असतं, ‘शर्ट’ लिहिलेलं असतं, आणि प्रत्येकाभोवती एक खोका निमूट जात असतो. दुसरं रूप म्हणजे मेलेला खोका. वापरून दबलेल्या, गठ्ठे बांधलेल्या खोक्यांना बाजारात ओसीसी म्हणतात, जुना पन्हळी पुठ्ठा. त्याचं जकातीतलं घर वेगळं, ४७०७, रद्दी कागद. गठ्ठ्यात हवा उरत नाही, म्हणून तो समुद्र ओलांडू शकतो. खोका जिवंतपणी आपल्या नावाने दूर जात नाही आणि मेल्यावर साता समुद्रांपलीकडे जातो, या गोष्टीचं मला अजून नवल वाटतं.

त्या रद्दीने एक साम्राज्य उभं केलं. झांग यिन या चिनी बाईंनी १९९० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकन रद्दी गोळा करून चीनला पाठवायची कंपनी काढली. चीनहून अमेरिकेला भरून आलेले कंटेनर परत जाताना रिकामे जात. त्यामुळे परतीचं भाडं कवडीमोल असे, आणि रद्दी ही त्या भाड्यात परवडणारी वस्तू होती. १९९५ मध्ये त्यांनी डोंगग्वानला नाइन ड्रॅगन्स हा कागद कारखाना सुरू केला. अमेरिकन खोक्यांचे तंतू तिथे नव्या कागदात, नव्या खोक्यात जात, चिनी खेळणी आणि यंत्रं भरून पुन्हा अमेरिकेला जात आणि तिथे पुन्हा रद्दी होत. २००६ मध्ये चीनमधल्या सर्वांत श्रीमंत व्यक्तींच्या एका नामांकित यादीत झांग यिन पहिल्या आल्या. एका रद्दीवालीने कंटेनरच्या रिकाम्या पोटात धंदा पाहिला, ही माझ्या मते गेल्या अर्धशतकातल्या व्यापाराच्या सर्वांत मोठ्या कल्पनांपैकी एक आहे.

मग चीनने दार लावलं. २०१८ पासून अस्वच्छ रद्दीवर अत्यंत कडक मर्यादा आली. आयात रद्दीत अर्ध्या टक्क्याहून जास्त घाण चालणार नाही, असा नियम झाला. १ जानेवारी २०२१ पासून घन कचऱ्याच्या आयातीवर सरसकट बंदी आली. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या गावांतले गठ्ठे अचानक पोरके झाले. ते आग्नेय आशियाकडे वळले आणि भारताकडेही. आपल्याला त्यांची गरज होतीच. कागदाचा तंतू दर फेरीत आखूड होतो, झिजतो. भारतीय रद्दी आधीच बऱ्याच फेऱ्या झालेली असते आणि लांब तंतूची सूचिपर्णी झाडं कागदासाठी आपल्याकडे मोठ्या प्रमाणात तोडता येत नाहीत. म्हणून अमेरिकन ओसीसीला आपल्या गिरण्यांत मान आहे. त्यात पाइनच्या लांब तंतूचा अंश अजून शिल्लक असतो. गुजरातेत वापी आणि मोरबी, उत्तरेत मुझफ्फरनगर, ही क्राफ्ट कागदाची मोठी केंद्रं. महाराष्ट्रातल्या कितीतरी खोक्यांचा कागद वापीकडून येतो.

इथे व्यापाराने आणखी एक वळण घेतलं. चीनला रद्दी नको होती, पण रद्दीपासून केलेला कागद चालत होता. मग भारतातल्या गिरण्यांकडून क्राफ्टची रिळं चीनला जाऊ लागली. अमेरिकेतला खोका वापीत लगदा होऊन, रीळ होऊन चीनला निघाला. इकडे देशात कागद महागला. २०२०-२१ मध्ये खोके बनवणाऱ्यांच्या संघटनांनी सरकारकडे क्राफ्टच्या निर्यातीवर बंधनं घालायची मागणी केली. त्यांचं दुखणं खरं होतं. खोकेवाल्याच्या खर्चात कागदाचाच वाटा सगळ्यांत मोठा असतो आणि खोक्याचा भाव गिऱ्हाइकाशी महिनोन्महिने आधी ठरलेला असतो. एका दूर देशातल्या स्वच्छतेच्या नियमाने इथल्या एखाद्या औद्योगिक वसाहतीतल्या दहा माणसांच्या युनिटचा हिशेब हलला.

भरलेल्या खोक्याचा प्रवास बघायचा तर नाशिकच्या द्राक्षांचा बघावा. युरोपला जाणारी द्राक्षं साधारणपणे पाचशे ग्रॅमच्या दहा डब्यांत भरून एका पाच किलोच्या खोक्यात बसतात. वर गंधकाचा वायू हळूहळू सोडणारा कागद असतो, बुरशी लागू नये म्हणून. मग प्री-कूलिंग, मग शून्याच्या आसपास तापमानाचा कंटेनर, हवेत नव्वद-पंच्याण्णव टक्के दमटपणा. द्राक्षाला हे वातावरण लागतं, नाही तर त्याचा देठ सुकतो. पुठ्ठ्याला मात्र तेच वातावरण घातक. कागदाचे तंतू एकमेकांना धरून असतात ते कुठल्याही डिंकाने नाही. ते पाणी जाताना जुळलेल्या हायड्रोजन बंधांनी धरलेले असतात. दमट हवेतलं पाणी त्याच बंधांत घुसतं आणि तंतू सैल होतात. कोरड्या हवेत असते त्याच्या निम्मी ताकदही कधी कधी उरत नाही. शिवाय प्रयोगशाळेत खोका मिनिटभर जेवढं वजन पेलतो, तेवढं महिनाभर पेलू शकत नाही. सतत ओझ्याखाली कागद हळूहळू बसत जातो. त्यात हवा खेळायला भोकंही पाडावी लागतात, आणि ती कोपऱ्यांपासून लांब ठेवावी लागतात.

न्हावा शेवाहून रॉटरडॅमला सुएझमार्गे जायला साधारण तीन आठवडे. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. २०२४ च्या हंगामात द्राक्ष टिकेल का याची काळजी सगळ्यांनी केली. मला मात्र तळातल्या त्या खोक्याची आठवण येत होती, जो अंधारात, गारठ्यात, डोक्यावर वीस खोके घेऊन केप ऑफ गुड होपला वळसा घालत होता.

हापूसचा खोका आणखी कडक परीक्षा देतो. अमेरिकेने २००७ मध्ये भारतीय आंब्याला दार उघडलं, पण फळातल्या किडींच्या बंदोबस्तासाठी किरणांच्या उपचाराची अट घातली. लासलगावच्या केंद्रात आंबे खोक्यात बंद झाल्यानंतरच त्यांना हा उपचार मिळतो, किमान ४०० ग्रे. किरण पुठ्ठ्याच्या आरपार जातात. पण किडा नंतर आत शिरता कामा नये, म्हणून हवेच्या भोकांवर बारीक जाळी लागते. खोक्याची मापंही नेमकी हवीत, म्हणजे मधल्या आंब्यालाही पुरेसे किरण पोचतील. पूर्वी हापूस लाकडी पेटीत गवतात निजून जायचा, आणि अजून बाजारात आपण ‘पेटी कितीला’ असंच विचारतो. लाकडाला परदेशी व्यापारात आणखी एक अडथळा आहे. २००२ पासून आंतरराष्ट्रीय नियमानुसार कच्च्या लाकडाच्या पेटीला आतपर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवून किंवा धुरी देऊन शिक्का घ्यावा लागतो, किडे एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नयेत म्हणून. कागद शिजून तयार झालेला असतो, त्यात किडा उरत नाही, म्हणून पुठ्ठ्याला ही अट लागू नाही. रेल्वेने एकेकाळी दुय्यम मानलेला खोका बंदरावर लाकडाच्या पुढे गेला.

रॉटरडॅमला द्राक्षं विकली गेली की नाशिकचा खोका दाबून गठ्ठ्यात जातो. त्यातले काही तंतू पुन्हा न्हावा शेवाला उतरत असतीलही. आपल्या घरातला खोका मात्र वेगळ्या हातांतून जातो. पुण्यात १९९३ पासून कचरावेचकांची संघटना आहे. तिच्या नावातच त्यांचा धंदा आहे: कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. तिच्यातल्या बायकांना खोका हातात घेतला की तो ओला आहे का हे वजनावरून कळतं. त्या टेप ओरबाडून काढतात, तळ फोडतात, पाय देऊन सपाट करतात. तीच हवा त्या बाहेर काढत असतात, जी रिकाम्या खोक्याला दूर जाऊ देत नाही.

सगळेच खोके लगद्यात जात नाहीत. धारावीत जुने खोके उलगडून, फाटलेला भाग कापून, उलटे करून पुन्हा घडवतात. बाहेरची छपाई आत जाते आणि कोरी बाजू बाहेर येते. असा एक खोका परवा किराणा सामानाबरोबर आमच्या घरी आला. आत डोकावून पाहिलं तर एका कोपऱ्यात अर्धा कापलेला परदेशी पत्ता होता, पिनांची जुनी भोकं होती, आणि त्यांच्या शेजारी ‘ही बाजू वर’ सांगणारे दोन बाण, जमिनीकडे तोंड केलेले.